शाखा सातचे उसासे

बालेपुरात दुपारी उघड्यावर काम करणं बेकायदा ठरलं, त्याला त्या मे महिन्यात सहा वर्षं झाली होती. उष्माबंदी एक एप्रिलला सुरू होई आणि पंधरा जूनला संपे. बारा वाजता भोंगा झाला की चार वाजेपर्यंत कुणी फावडं उचलायचं नाही, हातगाडा ढकलायचा नाही, डोक्यावर पाटी घ्यायची नाही. खोदाईची मोठी यंत्रं त्या वेळात आपोआप बंद पडत आणि चार वाजेपर्यंत कुणी काहीही केलं तरी सुरू होत नसत. कायदा चांगला होता. त्यात एकच गोष्ट लिहायची राहून गेली होती, ती म्हणजे बारा ते चार माणसांनी जायचं कुठं. ज्यांच्या घरात एसी होता त्यांना हा प्रश्न पडला नाही. गवळीपुऱ्यातल्या पत्र्याच्या एका खोलीत दुपारी एक वाजता बावन्न अंश मोजले गेले होते. अशा खोल्या त्या भागात अकराशे होत्या.

त्यातल्याच एका खोलीत शालन गवारे आणि तिची आई भागाबाई राहत. शालन त्रेचाळीस वर्षांची, पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मात्रा-सहायक. गल्लीत तिला खुराकवाली म्हणत, कारण ती जिवाणूंना खायला घाली.

बालेपूरच्या पोटात साडेतीनशे वर्षांपूर्वीची नहर आहे. माणूस वाकून चालेल एवढे दगडी बोगदे डोंगराच्या पायथ्याचं पाणी उताराने शहरात आणतात. आत हवा खेळती राहावी म्हणून ठरावीक अंतरावर वर जमिनीपर्यंत एकेक अरुंद भोक ठेवलेलं आहे. त्याला गावात उसासा म्हणतात. धरण आटायला लागलं तेव्हा पालिकेनं ही नहर पुन्हा वापरात काढली; पण ती जागोजागी गळत होती आणि वर शहर उभं असल्यानं खणता येत नव्हतं. मग 'शिलाबंध' आलं.

शिलाबंध हा एक जिवाणू. तो युरिया खातो, खाताना अमोनिया सोडतो आणि पाण्यात विरघळलेल्या चुन्याचा दगड करतो. खडू आणि शिंपले ज्या पदार्थाचे असतात, तोच. असे जिवाणू मातीत सगळीकडे असतात, पण बोटभर भेग बुजवायला त्यांना महिना लागतो. प्रयोगशाळेत त्यांना दोन सवयी लावण्यात आल्या. एक म्हणजे स्वतःभोवती चिकट गर तयार करायचा. दुसरी म्हणजे वारा जिथून वाहतो तिकडे सरकायचं. बंद बोगद्यात वारा वाहतो तो भेगेतूनच. म्हणजे वारा शोधला की भेग सापडली. गर भेगेशी पोचतो, फुगतो, ती भरून टाकतो आणि तीन तासांत दगड होतो. बायकांनी त्याला कुरडयांच्या गव्हाचा असतो तसा चीक म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं.

दर बारा दिवसांनी नहरेच्या प्रत्येक वाहत्या शाखेत एका उसाशातून वीस लिटर खुराक सोडायचा, म्हणजे युरिया आणि चुन्याचा क्षार मिसळलेलं पाणी, हे शालनचं काम. नऊ वर्षांत तिच्या हद्दीतली गळती नव्वद टक्क्यांनी कमी झाली होती. तिला त्याचा अभिमान होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस कार्यालयातली वीज गेली आणि सगळ्यांना साडेबाराला घरी सोडलं. शालन घरी आली तर दाराला कुलूप. शेजारच्या कडूबाईचं दार मात्र उघडं. ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"माय कुठं गेली?"

"मला काय म्हाईत."

"कडूबाई, बाहेर सत्तेचाळीस अंश हाय. ती अडुसष्ट वर्षांची हाय."

"तू पालिकेची माणूस," कडूबाई म्हणाली. "तुला सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

कडूबाईनं टॉवेल पिळला, पुन्हा डोक्यावर टाकला. "बंद पडलेली पिठाची गिरणी हाय बघ, तिच्या मागं. आडवी होऊन आत जा. आन् माझं नाव घेऊ नको."

गिरणीमागच्या भिंतीत, खालच्या अंगाला, दगड काढून केलेलं एक तोंड होतं. धड माणूस सरळ शिरला नसता. शालन आडवी झाली, पाय पुढे करून सरकली आणि तीन हात खाली उतरली. पहिली जाणीव झाली ती गारव्याची. तिच्या पाठीवरचा घाम क्षणात थंड झाला. मग डोळे सरावले.

नव्वद मीटर लांबीची ती कोरडी शाखा होती. पालिकेच्या नकाशावर शाखा सात, शेरा 'निर्मनुष्य'. दोन्ही भिंतींना पाठ लावून माणसं बसली होती, मधे जेमतेम पाऊल टाकायला जागा. कुणी लसूण सोलत होतं, कुणी झोपलं होतं. एक न्हावी उसाशाखालच्या उजेडात दाढी करत होता. एका बाईनं थर्मासमधून चहा ओतून शालनच्या हातात दिला. ही नवी माणूस कोण, हे तिनं विचारलंसुद्धा नाही.

"आगं माय!" पुढून आवाज आला. भागाबाई लसणाची पाटी बाजूला सारून उठायला बघत होती. "हिला कुणी आणली?"

"तू मला सांगितलं नाहीस, माय."

"सांगून काय केलं असतंस? साहेबाला सांगितलं असतंस."

सगळे लसूण सोलायचे थांबले.

या जागेची व्यवस्था जुबेदाआपा बघत. साठीच्या, पूर्वी एका शाळेत खिचडी शिजवायच्या. नियम त्यांनी घातलेले: आत चूल पेटवायची नाही, उसाशाखाली मोठ्यानं बोलायचं नाही, चारचा भोंगा झाला की एकेकानं बाहेर पडायचं. त्या रोज माणसं मोजत. त्या दिवशी एकशे तीस होती. मुकादम तुळशीराम बेले आणि त्याची खोदकामाची माणसं होती, भाजीवाल्या होत्या, घरकामाच्या बाया, म्हातारी माणसं. तीन उन्हाळे ही वस्ती चालली होती आणि त्यातलं कुणी उन्हानं मेलं नव्हतं. वर, त्याच गवळीपुऱ्यात, मागच्या मे महिन्यात एकोणतीस गेले होते.

शालन चहा पिता पिता थांबली. तिला वास आला होता, गोठ्यात येतो तसा, नाकात टोचणारा. तिनं भिंतीवर हात फिरवला. दगडावर नखाएवढा पांढरा थर होता.

"लघवीला कुठं जाता तुमी?"

तुळशीराम हसला. "ही तपासणी कवापासून सुरू झाली?"

"दादा, मस्करी नाही. कुठं जाता?"

"शेवटाला कोरडा हौद हाय, तिथं," जुबेदाआपा म्हणाल्या.

शालननं त्यांना समजावून सांगितलं. लघवीत युरिया असतो. घामातही थोडा असतो. जिवाणू या भिंतीत आधीपासून आहेत, सुकून पडलेले. त्यांना खायला मिळालं की ते उठतात. वर तुमच्या येण्याजाण्यानं वारा वाहतो. म्हणजे तुम्हीच त्यांना जेवू घालताय आणि तुम्हीच रस्ता दाखवताय.

"म्हंजे आमी श्वास घेतो हीच गळती," तुळशीराम म्हणाला.

"त्यांच्या लेखी, हो."

दुसऱ्या दिवसापासून हौद बंद झाला. झाकणाचे डबे आले आणि संध्याकाळी ते वर नेऊन लांब रिकामे होऊ लागले. आपांनी हे करून दाखवलं, त्यामुळे शालनला त्यांच्याबद्दल आदर वाटला. आता तिच्या बाजूचा प्रश्न होता. कळवलं तर शाखा सात कायमची बुजवली जाईल आणि एकशे तीस माणसं पत्र्याखाली जातील, त्यांत माय. न कळवलं तर खुराक सोडावा लागेल. शाखा कोरडी असली तरी बोगद्यात बसवलेल्या तारा वारा मोजत आणि शालनच्या हातातल्या यंत्रावर आकडा येई: शाखा सात, वारा वाढला, खुराक द्यावा. न देण्याची सोय नव्हती. कॅन भरून मिळे, रिकामा परत द्यावा लागे, आणि परत आलेल्या कॅनचं वजन होई.

तिनं मधला रस्ता काढला. उसाशाशी जाऊन ती कॅन उघडे, हजेरीचं बटण दाबे आणि खुराक आठ पावलांवरच्या गटारीत ओते. गटार वाहत नाल्याला जाते, एवढंच तिच्या डोक्यात होतं. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिनं असं चार वेळा केलं, कारण वारा वाढल्यामुळे शाखा सातला खुराक लवकर लवकर येऊ लागला होता.

पहिले दहा दिवस वास कमी झाला. मग तो पुन्हा वाढला. भिंतीवरचा थर नखाचा बोटाएवढा झाला. शालन आता सुट्टीच्या दिवशी दुपारी मायबरोबर खाली येई, आणि दर वेळी भिंत जवळ आल्यासारखी वाटे.

"कुणीतरी भिंतीवर मुततंय," ती एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाली. ती तुळशीरामच्या माणसांकडे बघत होती.

तुळशीराम उठून उभा राहिला. म्हणजे वाकून, कारण तिथं सरळ उभं राहता येत नव्हतं. "बाई, माझी माणसं रोज चार चार घंटे डबा सांभाळतेत. लाज काढू नको."

"मग कुठनं येतंय?"

"ते तू सांग. शिकलेली तू हाईस."

भागाबाईनं लेकीचा पदर ओढून तिला खाली बसवलं. घरी परतल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुळशीरामनं मला दोन वर्षं हात धरून खाली उतरवलंय. तू आज त्याला सगळ्यांसमोर घाण म्हणालीस." शालनला तरीही खात्री होती.

सोळा मे रोजी सकाळी हवामान खात्यानं एकोणपन्नास अंशांचा इशारा दिला. शालन कामावर होती. साडेबाराला गाडीतून कार्यालयाकडे परतताना गाडी शाखा सातचा उसासा असलेल्या दुभाजकाशी सिग्नलला थांबली आणि ती नेहमी खुराक ओते त्या गटारीकडे तिचं लक्ष गेलं. गटारीत पाणी नव्हतं. आदल्या आठवड्यातही नव्हतं, तिच्या लक्षात आलं. गटार नाल्याला जाते, हे तिनं शहरात जन्मल्यापासून धरून चाललं होतं. पण मे महिन्यात या गटारीतून नाल्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. तळाच्या फरशा निघालेल्या होत्या आणि खाली माती होती. ओतलेलं सगळं मातीत जात होतं.

नहर झिरपणारं पाणी गोळा करण्यासाठी बांधलेली आहे. तिच्या वरच्या अंगाच्या भिंतीत चुना घातलेलाच नसतो. दगडावर दगड, मधे फटी, म्हणजे मातीतलं पाणी आत यावं. ही माहिती खात्याच्या पहिल्या प्रशिक्षणात, पहिल्या तासाला दिली जाते. शालननं स्वतः तीन नव्या मुलींना ती दिली होती.

ती गाडीतून उतरली आणि पळत सुटली.

गिरणीमागचं तोंड दिसलं तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. तोंडाच्या जागी फिकट पिवळा, फुगलेला गोळा होता, कणकेसारखा ओला. वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढी फट उरली होती आणि तिच्यातून आत जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज येत होता. तिनं दोन्ही हातांनी चीक ओरबाडला. फट दुप्पट झाली. वारा वाढला, आणि तिच्या डोळ्यांदेखत कडा पुन्हा आत सरकल्या, आधीपेक्षा वेगानं. हात चुरचुरू लागले.

तिनं नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथं कनिष्ठ अभियंता दाणी होते.

"साहेब, शाखा सातमध्ये माणसं अडकलीत. शंभरच्या वर."

"शाखा सात निर्मनुष्य आहे."

"माझी आई आत आहे, साहेब."

"मी अग्निशमनला सांगतो. पण खोदायचं यंत्र चारशिवाय सुरू होणार नाही, तुम्हाला माहीत आहे. माझ्या हातात नाही ते. कुलूप वरून आहे."

"मग माणसं पाठवा, टिकाव घेऊन."

"कुठून पाठवू? उष्माबंदीत मजूर मिळतो का?"

शहरातले मजूर कुठे होते ते शालनला माहीत होतं. ते चिकाच्या पलीकडे होते.

तोवर बातमी फिरली होती. बॅटरी रिक्षा चालवणारा अनीस धावत आला. त्याची बायको आत होती. त्याच्यामागे कडूबाई आणि गल्लीतल्या दोघी. अनीसच्या हातात संडास धुण्याच्या अ‍ॅसिडच्या दोन बाटल्या होत्या.

"चुनाच हाय ना? फरशीवरचा चुना निघतो यानं. सरक."

त्यानं बूच काढलं. शालननं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"चुन्यावर अ‍ॅसिड पडलं की फेस येतो ना, अनीसभाई? त्या फेसात गॅस असतो. तो हवेपेक्षा जड असतो. बोगद्याला उतार हाय, आतल्या अंगाला. सगळा गॅस वाहत जाऊन ती बसलीत तिथं साठेल. दार उघडंल, आन् आत कुणी उठणार नाही."

"मग काय करू? सांग ना! काय करू?"

शालन फटीतून शिरणाऱ्या वाऱ्याकडे बघत होती. वारा इथून आत जात होता आणि चार उसाशांमधून वर निघत होता. चीक वाऱ्याच्या मागे होता; तोंड बुजलं की तो उसाशांकडे वळणार होता आणि तीन तासांत सगळ्याचा दगड होणार होता. वारा थांबला तर त्याला दिशा राहणार नव्हती. तो होता तिथंच, होता तेवढाच राहिला असता, आणि अजून ओला होता. पण वारा थांबवायचा तर उसासे बंद करायला हवेत. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. सव्वाशेच्या वर माणसं, आणि माणशी एका खाटेखाली मावेल एवढी हवा. दोन तासांत डोकी जड होतील. तीन तासांत माणसं पडायला लागतील.

उसाशाचं तोंड रस्त्याच्या दुभाजकात होतं, वर लोखंडी जाळी. ती त्यावर पालथी पडली. दगड इतका तापला होता की कोपर टेकवता येईनात. अनीसनं रिक्षाची गादी काढून तिच्याखाली सरकवली.

"माय! ऐकू येतंय का?"

"येतंय. वरडू नको, लेकरं घाबरतेत." भागाबाईचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता.

"तोंडाशी कोण हाय?"

"तुळशीराम हाय, त्याची माणसं. खरवडायलेत. काढलं तेवढं भरायलंय."

"खरवडणं थांबवा म्हणाव. चारी उसासे बंद करा. लुगडी, गोधड्या, असंल ते कोंबा, वारं अजिबात जायला नको. वारं थांबलं की चीक थांबतो. पाव घंट्यानं दोन्ही अंगांनी खरवडायचं."

खाली कुजबुज झाली. मग तुळशीरामचा आवाज आला, अगदी उसाशाखालून. "कोण सांगायलंय? खुराकवाली?"

"मीच, दादा."

"आमचा दम कोंडायचा म्हणतीस? आमच्याच हातानं? पालिकेनं पाठवलं का तुला, पुरावा बुजवायला?"

"दम मागं कोंडंल. चीक आधी मारंल."

"तुझ्यावर इश्वास का ठेवायचा, ते सांग."

शालननं तोंड जाळीला टेकवलं. ओठ भाजला. "दादा, भिंतीवर कुणी मुतलं नव्हतं. मी बोलले ते खोटं होतं. खुराक मी ओतला. उसाशात नाही, बाजूच्या गटारीत. तुमाला वाचवायला म्हणून. तो झिरपून तुमच्याच भिंतीत आला. चार येळा. ऐंशी लिटर."

रस्त्यावर एकही वाहन नव्हतं. शालनला वाटलं, आता खालून काही येणार नाही.

मग जुबेदाआपा बोलल्या. त्या तिच्याशी बोलत नव्हत्या. "ऐकलं ना? फसवायचं असतं तर हे कशाला सांगितलं असतं? गोधड्या काढा. तुळशीराम, पलीकडचे दोन उसासे तू बघ. पोरं मधे घ्या, सगळ्यांनी बसून राहा, कुणी बोलायचं नाही, रडायचं नाही. बोलण्यानं हवा जाते."

"आपा..." तुळशीराम म्हणाला.

"नंतर मार तिला. आधी बाहेर पड."

हालचालींचे आवाज आले. तीन उसासे बंद झाल्याचं शालनला कळलं, कारण तिच्या तोंडावर येणारी गार झुळूक एकदम जोरात येऊ लागली. उरलेला सगळा वारा या एका भोकातून निघत होता.

"शालन," खालून भागाबाई म्हणाली, "ह्यो शेवटचा मी बंद करायलेय."

"हं."

"तिथं सावली हाय का तुला?"

"नाही."

"मग डोक्यावर पदर घे."

त्यानंतर खालून कापड वर सरकल्याचा आवाज आला आणि झुळूक थांबली.

गिरणीमागे पाच माणसं होती. अनीसनं रिक्षाचा जॅक आणला, कडूबाईनं घरातलं उलथनं. बाकीच्यांनी हात वापरले. शालननं पाव तास थांबायला लावलं. तो पाव तास अनीस भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि दर मिनिटाला विचारत होता, झाला का. एक वाजून पंचवीस मिनिटांनी तिनं फटीशी ओलं बोट धरलं. वारा नव्हता. चीक हलत नव्हता.

"काढा."

वरचा थर खरवडून निघाला. आत तो घट्ट होत चालला होता, खरवसासारखा, आणि त्याच्याही आत खडे लागत होते. हातांची कातडी अमोनियानं पांढरी पडली. कडूबाईला दोनदा घेरी आली. तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं, ती पुन्हा बसली. दोनला दहा कमी असताना पलीकडून येणारी पहार चिकातून बाहेर आली आणि शालनच्या कानाजवळून गेली. पहारीमागे तुळशीरामचा हात होता.

दोन वाजता पहिलं मूल बाहेर आलं. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी जुबेदाआपा. त्या शेवटी निघाल्या आणि निघताना म्हणाल्या, "एकशे सदतीस. सगळे."

शाखा सातमध्ये त्या दिवशी एकही माणूस मेलं नाही.

ती सगळी माणसं आता गिरणीसमोरच्या रस्त्यावर होती. एकोणपन्नास अंश होते. गिरणीची सावली हातभर. माणसांनी डबे, पाट्या, चादरी डोक्यावर धरल्या. समोर चौदा सदनिकांची इमारत होती, खिडक्या बंद, बाहेर एसीच्या पेट्या घरघरत होत्या. कडूबाईनं आणि अनीसनं खालपासून वरपर्यंत दारं वाजवली. तीन उघडली. त्या तीन घरांनी मिळून एकवीस जणांना आत घेतलं, बहुतेक मुलं आणि त्यांच्या आया. एका घरातल्या आजोबांनी आपली खोली रिकामी करून दिली. बाकीच्या दारांआडून कुणी 'नंतर या' म्हणालं, कुणी काहीच म्हणालं नाही. अग्निशमनचं कुणी आलं नाही; रुग्णवाहिका एक आली, पाच जणांना घेऊन गेली.

दोन पन्नासला दिगंबर उबाळे, वय एकाहत्तर, भिंतीला टेकून बसले होते ते कलंडले. तीन वाजून पाच मिनिटांनी रेश्मा ताटे, वय सव्वीस. दोघांनाही पाणी दिलेलं होतं. दोघंही खाली ठीक होते.

रेश्माच्या तोंडावर ओढणी टाकल्यावर भागाबाई उठली. तिनं लसणाची पाटी काखेला मारली आणि ती गिरणीच्या मागे निघाली.

"माय, कुठं?"

"खाली."

"आगं, भिंत ओली हाय अजून. उसासे उघडले की वारं सुटंल, वारं सुटलं की चीक परत येईल."

"मग मी कुठं जाऊ?" भागाबाईनं विचारलं. रागानं नाही. लेक पालिकेत आहे, तिला माहीत असेल, अशा तऱ्हेनं.

शालननं रस्त्याकडे बघितलं, इमारतीकडे बघितलं.

भागाबाई आडवी झाली आणि आत सरकली. तिच्यामागे लसूण सोलणाऱ्या बाया. मग न्हावी. मग तुळशीरामची माणसं, एकेक करून. आपांनी दाराशी उभं राहून मोजलं. एकशे नऊ. आत गेल्यावर त्यांनी उसाशांतल्या गोधड्या ओढून काढल्या, कारण श्वास घ्यायला हवा लागणारच होती. तोंडातून वारा सुटला. दहा मिनिटांनी कडेला पिवळसर ओल दिसू लागली.

मोठा थर निघून गेला होता; आता येत होता तो पातळ, दुधावरच्या सायीएवढा. शालन तोंडाच्या उंबऱ्यावर बसली, अर्धं अंग गारव्यात, अर्धं उन्हात, आणि कडेनं बोटं फिरवत राहिली. एक फेरी पूर्ण होईपर्यंत सुरुवातीच्या जागेवर पुन्हा साय धरलेली असे. थांबून चालणार नव्हतं. फोन तीन वेळा वाजला, दाणींचा होता. तिनं घेतला नाही, कारण हात रिकामा नव्हता. साडेतीनला बोटांतून रक्त येऊ लागलं तेव्हा आतून तुळशीराम सरकत आला आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच जागेत, अंग चोरून बसला. तिच्याकडे न बघता त्यानं वरची कड घेतली, तिला खालची ठेवली.

बराच वेळ दोघं खरवडत होते.

"उद्या किती वाजता येतीस?" त्यानं विचारलं.

"साडेअकराला."

"खुरपी आण. दोन आण." त्यानं बोटं पँटला पुसली आणि पुन्हा कडेला लावली. "हातानं जून उजाडायचा नाही."